मडक्याच्या आत हात घालून बघा

ग्रँड कॅन्यन, सांता फे, अल्बुकर्की अशी सहल करून आलेल्या मंडळींच्या शोकेसमध्ये एखादं छोटं रंगीत मडकं बरेचदा दिसतं. पांढऱ्या अंगावर काळ्या रेघांची बारीक नक्षी, बुडाशी कुणाची तरी सही आणि एक चिठ्ठी: 'हँड पेंटेड'. हाताने रंगवलेलं. यात खोटं काहीच नसतं. फक्त हे भांडं घडवलं कशाने, एवढंच सांगायचं राहून गेलेलं असतं.

अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातल्या प्वेब्लो लोकांच्या मातकामाची सगळी गोम या राहून गेलेल्या गोष्टीत आहे. तिथल्या एका मडक्याला वीस डॉलर का पडतात आणि तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्याला दोन हजार का, हे नक्षीकडे कितीही वेळ बघून कळत नाही. त्यासाठी मडक्याच्या आत हात घालावा लागतो.

आधी नावाचा घोळ. 'प्वेब्लो' हा स्पॅनिश शब्द, अर्थ साधा 'गाव'. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक मेक्सिकोतून वर सरकले, तेव्हा त्यांना माती-दगडांची, मजल्यावर मजला चढवलेली घरं दिसली. त्या वस्त्यांना त्यांनी गाव म्हटलं आणि तेच नाव माणसांना चिकटलं. आज न्यू मेक्सिको राज्यात अशी १९ प्वेब्लो आहेत, शिवाय शेजारच्या ॲरिझोनात होपी लोकांची गावं. ही एक जमात नव्हे. केरेस, टेवा, टिवा, टोवा, झुनी, होपी अशा त्यांच्या निरनिराळ्या भाषा आहेत आणि प्रत्येक गावाची माती वेगळी, म्हणून भांडंही वेगळं. तिकडे त्याला सर्रास 'इंडियन पॉटरी' म्हणतात. आपल्यातला कुणी पहिल्यांदा तो फलक वाचून सुखावतो आणि मग कोलंबसाचा गोंधळ आठवून हसतो.

आता मडकं होतं कसं ते बघू. कुंभार म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे चाक येतं. हे मडकं चाकावर होत नाही. युरोपियन येईपर्यंत अमेरिका खंडात कुंभाराचं चाक नव्हतंच, आणि आल्यावरही प्वेब्लो बायकांनी ते घेतलं नाही. हो, बायकांनी. परंपरेने घडवण्याचं काम बाईचं. पुरुष फार तर रंगवायला बसायचा. आता पुरुष कारागीरही बरेच आहेत.

माती बाजारातून येत नाही. ती कुठल्या टेकाडाच्या कुठल्या थरातून काढायची हे घराघराला ठाऊक असतं आणि परक्याला सहसा सांगत नाहीत. खणण्याआधी मक्याच्या पिठाची चिमूट वाहतात. माती ही त्यांच्या लेखी जिवंत म्हातारी आई. तिच्याकडून मागून घ्यायचं, ओरबाडायचं नाही. मग ती वाळवायची, भिजवायची, खडे काढायचे, गाळायची. एवढं करूनही नुसत्या मातीचं भांडं धड होत नाही. वाळताना माती आकसते आणि तडकते. आचेवर आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. म्हणून तिच्यात काहीतरी भरड मिसळावं लागतं, म्हणजे आकसणं कमी होतं आणि वाफेला वाट मिळते. सान इल्डेफोन्सो आणि सांता क्लारा या गावांत ज्वालामुखीची राख घालतात. आकोमा आणि झुनी इथे जुनी खापरं कुटून त्यांचा चुरा मळतात. म्हणजे आजीच्या फुटक्या मडक्याचा अंश नातीच्या मडक्यात जातो. मला या सगळ्या कलेतली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. आणि ती बाहेरून दिसतही नाही.

मग घडवणं. परळासारख्या पसरट आधारात बुडाचा गोळा थापायचा. या आधाराला टेवा भाषेत 'पुकी' म्हणतात. मातीच्या लांब वळ्या करायच्या, जशा शाळेत मुलं मातीचे साप करतात तशा, आणि एकावर एक गोल गोल चढवत बोटांनी जोड मिटवत जायचं. मग सुक्या भोपळ्याच्या तुकड्याने आतून-बाहेरून खरवडून भिंत पातळ करायची. आकोमाच्या जुन्या घागरींच्या भिंती इतक्या पातळ की हातात घेतल्यावर वजनाचा अंदाजच चुकतो. त्याचं कारण व्यवहारी होतं. आकोमाचं जुनं गाव सुमारे ११० मीटर उंच खडकाच्या माथ्यावर वसलंय आणि पाणी बायकांनी डोक्यावरून आणायचं. भांडंच जड असेल तर पाणी किती आणणार? या जुन्या घागरींचं बूड आत दबलेलं असतं, डोक्यावर नीट बसावं म्हणून. चुंबळ जणू मडक्यातच घडवलेली.

भांडं काही दिवस वाळलं की ते घासून गुळगुळीत करतात आणि वर निवडक मातीचा पातळ लेप देतात. तो ओलसर असतानाच नदीतल्या गुळगुळीत गोट्याने घोटायचं. हे गोटे आईकडून मुलीकडे जातात, आणि हरवले तर दागिना हरवल्यासारखं दुःख होतं म्हणे. घोटाई अर्ध्यावर टाकून उठता येत नाही. लेप वाळला की संपलं, पुसून पुन्हा पहिल्यापासून. या भांड्यांवर काचेचा थर, ज्याला ग्लेझ म्हणतात, तो नसतो. आरशासारखी चकाकी दिसते ती निव्वळ घासण्याची.

यानंतर येतं रंगवणं, म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेलं काम. कुंचला युक्का नावाच्या, घायपातीसारख्या झाडाच्या पानाचा. पानाचं टोक चावून तंतू मोकळे करतात आणि हवे तेवढेच ठेवतात. काळा रंग दोन तऱ्हांचा. एक दगडाचा, लोखंडाचा अंश असलेले दगड घासून केलेला. दुसरा झाडाचा. बीवीड नावाची रानभाजी तासन्‌तास उकळून, आटवून तिच्या काळ्या वड्या करतात. त्याला 'ग्वाको' म्हणतात. या वड्या वर्षानुवर्षं टिकतात आणि लागेल तशा भिजवून वापरतात. तांबडा आणि पिवळा रंग गेरूच्या जातीच्या मातीचा. पट्टी नाही, परकार नाही. गोल अंगावर चार किंवा आठ सारखे भाग नजरेने पाडायचे आणि रेघ ओढायला लागायचं. शेवटची रेघ पहिलीला बरोबर येऊन मिळते तेव्हा पाहणाऱ्याचाही जीव भांड्यात पडतो.

बऱ्याच जुन्या भांड्यांवर मात्र गळ्याभोवतीची रेघ मिळतच नाही. ती मुद्दाम थोडी तुटक ठेवलेली असते. भांड्यात प्राण असतो, त्याला जायला-यायला वाट हवी, असं त्याचं कारण सांगतात. नवखा माणूस याला चूक समजतो.

आता विस्तव. आपल्याकडे कुंभाराचा आवा असतो. इथे तेवढंही बांधकाम नसतं. वारा नसलेली सकाळ बघून उघड्यावर लोखंडी जाळी मांडतात, खाली देवदाराच्या जातीची लाकडं, वर भांडी, भांड्यांना पत्र्यांचा आडोसा आणि सभोवती गोवऱ्या. होपी लोक मेंढ्यांच्या लेंड्यांचे थर वापरतात. आच साधारण ७०० ते ८०० अंश सेल्सियसपर्यंत चढते. कारखान्यातली चिनी माती हजारच्या बरीच वर भाजली जाते, त्या मानाने ही आच मंद. वाऱ्याची एक झुळूक आली, कुठे ओल राहिली, तर 'फट्' असा आवाज येतो आणि कित्येक आठवड्यांचं काम गेलेलं असतं. मोठं भांडं जास्त महाग असतं ते यासाठी. माती जास्त लागते म्हणून नव्हे, तर ते विस्तवातून शाबूत बाहेर येण्याची शक्यता कमी असते म्हणून.

काळ्या भांड्यांची गंमत इथेच उलगडते. सांता क्लारा आणि सान इल्डेफोन्सोची ती चकचकीत काळी भांडी काळ्या मातीची नसतात, काळ्या रंगाचीही नसतात. त्या मातीत लोह आहे. मोकळ्या हवेत भाजली तर ती वीट व्हावी तशी तांबडी होते. पण आच ऐन भरात असताना कुंभारीण घोड्याच्या लिदीची भुकटी ओतून सगळा ढीग दाबून टाकते. ज्वाला विझते, धूर कोंडतो, आत प्राणवायू उरत नाही. मग विस्तव मातीतल्या लोहाच्या गंजातलाच प्राणवायू ओढून घेतो. तांबडा गंज काळा होतो आणि धुरातला कोळसा मातीच्या छिद्रांत बसतो. एकाच गोळ्याची दोन भांडी, एक तांबडं, एक काळं. फरक शेवटच्या तासाचा.

ही भांडी मुळात घरातली होती. पाणी, धान्य, पूजा, देवाणघेवाण यांसाठीची. ती शोभेची झाली रेल्वेमुळे. १८८० मध्ये रेल्वे न्यू मेक्सिकोच्या मध्यापर्यंत पोहोचली. डब्यांतून स्वस्त पत्र्याची भांडी आली आणि मातीची घागर घरातून हळूहळू हद्दपार झाली. त्याच डब्यांतून प्रवासीही उतरले, खिशात पैसे आणि डोक्यात 'काहीतरी आठवण नेऊ' हा विचार घेऊन. पहिल्या काही वर्षांत त्यांच्यासाठी पिशवीत मावणारा चिल्लर माल पुष्कळ निघाला. रेल्वेने मारलेली कला रेल्वेनेच जगवली असं म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. जगवली ती काही हट्टी बायकांनी.

त्यातली पहिली नाम्पेयो. होपी मुलखात टेवा लोकांचं हानो नावाचं गाव आहे. १६८० मध्ये प्वेब्लोंनी स्पॅनिश सत्तेविरुद्ध बंड केलं, त्यानंतरच्या धामधुमीत स्थलांतर करून आलेल्यांची ती वस्ती. तिथे सुमारे १८६० साली नाम्पेयोचा जन्म झाला. जवळच सिक्याट्की हे जुनं ओसाड गाव होतं, त्याच्या पिवळ्या खापरांवर पक्ष्यांच्या पिसांची, चोचींची विलक्षण नक्षी होती. १८९५ मध्ये जेसी फ्यूक्स या संशोधकाने तिथे उत्खनन केलं आणि 'त्याच्यामुळे नाम्पेयोला जुनी कला सापडली' अशी कथा रूढ झाली. प्रत्यक्षात ती त्याच्या आधीपासून ती खापरं न्याहाळत होती. तिने नुसती नक्कलही केली नाही. जुन्या अक्षरांतून नवं वाक्य लिहावं तशा तिच्या आकृत्या आहेत. १९०५ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या 'होपी हाउस'मध्ये पर्यटकांसमोर बसून ती भांडी घडवत होती. पुढे खुपऱ्यांमुळे तिची दृष्टी गेली, तरी बोटांनी चाचपून ती घडवत राहिली आणि मुली रंगवू लागल्या. १९४२ मध्ये ती वारली. तिने भांड्यावर सही केली नाही. तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून आज 'नाम्पेयोचं' म्हणून येणारं प्रत्येक भांडं तज्ज्ञ शंकेनेच हातात घेतात.

दुसरी मारिया मार्टिनेझ, सान इल्डेफोन्सोची. ती आणि तिचा नवरा हुलियान यांचं लग्न झालं आणि लगोलग दोघं १९०४ च्या सेंट लुईस जागतिक प्रदर्शनात भांडी करून दाखवायला गेले. पुढे एडगर ह्युएट या पुरातत्त्वज्ञाने जवळच्या उत्खननात सापडलेल्या खापरांसारखी भांडी करशील का, असं मारियाला विचारलं. हुलियान सांता फेच्या संग्रहालयात झाडलोटीच्या कामावर होता. तिथे मांडलेल्या जुन्या भांड्यांवरच्या आकृत्या तो टिपून घ्यायचा. १९१९ च्या सुमारास दोघांना एक युक्ती साधली. घोटून चकचकीत केलेल्या अंगावर हुलियानने पातळ मातीने नक्षी काढली आणि भांडं धुरात कोंडून काळं केलं. घोटलेला भाग आरशासारखा राहिला, नक्षी मात्र मंद, धुरकट. काळ्यावर काळं. रंग एकच, फरक फक्त प्रकाश परत येतो की नाही एवढाच. हे पूर्वी कुणी केलं नव्हतं आणि आज लोक त्याला 'प्राचीन परंपरा' म्हणतात. परंपरा म्हणजे जुनंच असतं या समजुतीला हे भांडं छान उत्तर देतं.

मारियाच्या सह्यांची गोष्ट संग्राहकांना घाम फोडते. लोकांना नाव हवंय असं कळल्यावर तिने १९२०च्या दशकात सही सुरू केली. आधी 'मरी', कारण गोऱ्या गिऱ्हाइकांना ते ओळखीचं वाटेल असं तिला सांगण्यात आलं. पुढे 'मरी अँड हुलियान'. १९४३ मध्ये हुलियान गेल्यावर 'मरी अँड सांताना', सांताना म्हणजे सून. नंतर मुलगा पोपोवी दा याच्याबरोबर 'मारिया/पोपोवी'. सही बघून काळ ठरवता येतो तो असा. पण शेजारणी आपली भांडी घेऊन आल्या तर मारिया त्यांच्यावरही सही करून द्यायची! नाव टाकल्याने विकलं जात असेल तर टाकूया की. गावाच्या हिशेबात भांडं कुणा एकीचं नव्हतंच. सही म्हणजे मालकी ही बाजाराची कल्पना होती.

बाकीच्या गावांचा फेरफटका थोडक्यात. आकोमा: पांढरा लेप, श्वास रोखून काढाव्यात अशा समांतर रेघा, लूसी लुईस हे मोठं नाव. झुनी: हरणं, ज्यांच्या तोंडापासून काळजापर्यंत बाणासारखी रेघ जाते. सांता क्लारा: कोरीव काम, अस्वलाच्या पंजाचा ठसा, मार्गारेट तफोया यांचे रांजणाएवढे काळे घट. कोचिती: बाहुल्या. १९६४ मध्ये हेलन कोर्डेरो यांनी गोष्टी सांगणाऱ्या आपल्या आजोबांची मूर्ती केली, अंगाखांद्यावर पाच पोरं. त्यातून 'स्टोरीटेलर' हा प्रकार निघाला आणि गावोगाव पसरला. झिया गावच्या मडक्यावरचं सूर्यचिन्ह १९२५ पासून न्यू मेक्सिकोच्या झेंड्यावर आहे. गावाला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

नक्षीच्या अर्थांबद्दल एक इशारा. दुकानात तक्ता मिळतो: हे पाऊस, हा ढग, हा पाणसर्प. पाऊस-ढग खरेच, त्या कोरड्या मुलखात दुसरं मागणार काय? पण प्रत्येक रेघेला एक अर्थ, हे तक्ते गिऱ्हाइकांच्या समाधानासाठी असतात. तीच आकृती दोन घरांत दोन अर्थांची असू शकते आणि काही अर्थ बाहेरच्यांना सांगायचेच नसतात. २०२२ मध्ये सांता फेला 'ग्राउंडेड इन क्ले' हे प्रदर्शन झालं, पुढच्या वर्षी ते न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात गेलं. त्यातली भांडी प्वेब्लो समाजातल्याच साठाहून जास्त लोकांनी निवडली होती, आणि त्यांनी लिहिलं ते घराबद्दल, आजीबद्दल. तक्त्यात न बसणारं.

आता पुन्हा त्या चिठ्ठीकडे. साच्यात पातळ चिखल ओतून एकसारखी भांडी ढिगाने निघतात. ती कोरी भांडी विकत घ्यायची, वर नक्षी काढायची, विजेच्या भट्टीत भाजायची. रंगवणारा हात खरोखर आकोमाचा असू शकतो आणि काम सुरेखही असू शकतं. त्या कारागिराला मी नावं ठेवणार नाही. वीस डॉलरच्या गिऱ्हाइकाला वीस डॉलरचंच भांडं देता येतं. वाईट वाटतं ते न सांगण्याचं. १९९० च्या इंडियन आर्ट्स अँड क्राफ्ट्स कायद्यानुसार परक्याने केलेली वस्तू आदिवासी कारागिराची म्हणून विकली तर अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण हा कायदा मुख्यतः 'कोणी केलं' ते बघतो. 'कसं केलं' हे तुम्हालाच विचारावं लागतं.

म्हणून परवानगी घेऊन आत हात घाला. वळ्यांच्या भांड्याची आतली भिंत बोटांना किंचित उंचसखल लागते, खरवडल्याच्या खुणा असतात, तोंड अगदी बिनचूक गोल नसतं. साच्यातल्या भांड्याची भिंत आतून-बाहेरून एकसारखी असते, कधी उभा सांधाही जाणवतो. उघड्यावर भाजलेल्या भांड्यावर गोवरी टेकलेल्या जागी ढगासारखा डाग उमटतो. आकोमातले आजचे बरेच कारागीर वळ्यांनी घडवून विजेच्या भट्टीत भाजतात, म्हणून डाग नाही एवढ्यावरून खोटं ठरवू नका. आणि मडकं घेताना वाजवून घ्यावं, ही आपल्या बाजारातली रीत तिथेही चालते. बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारली की तडा लपत नाही, आवाज बद्द येतो.

मेक्सिकोतल्या माता ओर्तिझ गावाची भांडीही कधीकधी प्वेब्लोची म्हणून खपवली जातात. हुआन केसादा या एका माणसाने जुन्या खापरांवरून ती कला उभी केली. ती अप्रतिम आहेत, पण ती माता ओर्तिझची आहेत. आणि फार जुनं, उत्खननातलं म्हणून कुणी काही देऊ केलं तर हात जोडा. मिम्ब्रेस संस्कृतीत हजारेक वर्षांपूर्वी काळी-पांढरी चित्रं असलेले वाडगे तळाला भोक पाडून मृताच्या तोंडावर पालथे घालत. बाजारासाठी त्या कबरी बुलडोझर लावून उकरल्या गेल्या.

घरी आणल्यावर त्यात पाणी घालू नका. मंद आचेची माती पाणी पिते, रंगाखाली पोपडे सुटतात, घोटलेल्या काळ्यावर कायमचा डाग पडतो. ताजी फुलंही नकोत. अपवाद एकच: ताओस आणि पिकुरिसची अभ्रकाची चमकदार भांडी. ती शिजवायला केलेली असतात आणि त्यांतली उसळ चवीला वेगळी लागते असं खाणारे सांगतात.

घ्यायचंच असेल तर कुंभारीण समोर असेल तिथे घ्यावं. सांता फेला १९२२ पासून इंडियन मार्केट भरतं, आता ते ऑगस्टमध्ये असतं. शिवाय तिथल्या जुन्या गव्हर्नर वाड्याच्या ओसरीत विक्रेते एरवीही चादरी पसरून बसलेले असतात. तिला विचारा, माती कुठली, वळ्यांचं की साच्याचं, विस्तवावर की विजेवर. साच्याचं असेल तर बहुतेकजणी तसं सांगून टाकतात आणि शेजारचं, वळ्यांचं भांडं उचलून तुमच्या हातात देतात.